थ्रू-हल आणि शूट-थ्रू-हल: कयाकच्या बुडाला भोक पाडण्याआधी

परवा एका मित्राचा फोन आला. ‘ड्रिलला होल-सॉ लावून बसलोय. सीटपासून किती मागे भोक पाडू?’ पुढ्यात कोरी करकरीत कयाक, हातात फिशफाइंडरचा, म्हणजे पाण्याखालचा तळ आणि मासे दाखवणाऱ्या यंत्राचा, ब्राँझचा जाडजूड ट्रान्सड्यूसर (ध्वनी पाण्यात सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणारा भाग), त्याला वीतभर आट्यांचा दांडा आणि भलामोठा नट. ‘सगळे म्हणतात ना कयाकला थ्रू-हलच बरा, म्हणून तोच मागवला.’ सगळे म्हणत होते ते शूट-थ्रू-हल. सुरुवातीचा एक शब्द गळला आणि गडी स्वतःच्या होडीला भोक पाडायला निघाला. आधी त्याला ड्रिलचा प्लग काढायला लावला, मग पुढचं बोललो.

हा घोळ मी इतक्यांदा निस्तरलाय की आता एकदाच सविस्तर लिहून टाकतो. नावं ज्याने ठेवली त्याला तर माझं साष्टांग दंडवत.

थ्रू-हल बहुतेकांना माहीत असतो. बुडाला आरपार भोक, त्यातून दांडा, आतून नट, भोवती सीलंट, ट्रान्सड्यूसरचं तोंड थेट पाण्यात. जाड बुडाची, कायम पाण्यात उभी राहणारी मोठी होडी असेल तर उत्तम सोय. कयाकचं बूड म्हणजे पाच-सहा मिलिमीटर पॉलिथिन. ते लवतं, वाळूवरून, दगडांवरून ओढलं जातं, आणि सीलंट त्याला मनापासून धरत नाही. तिथे थ्रू-हल नको. विषय संपला.

शूट-थ्रू-हलमध्ये भोकच नसतं. ट्रान्सड्यूसर कयाकच्या आत, बुडाला तोंड टेकवून बसवायचा आणि ध्वनी प्लास्टिकमधूनच खाली पाठवायचा. काही जण याला इन-हल म्हणतात. तेच नाव रूढ झालं असतं तर माझा निम्मा ताप वाचला असता. वेगळा ट्रान्सड्यूसरही बहुतेकदा घ्यावा लागत नाही. स्वस्त फिशफाइंडरच्या खोक्यात जो येतो तो असतो ट्रान्सम-माउंट, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लावायचा. साध्या २०० किलोहर्ट्झच्या सोनारसाठी (ध्वनीने पाण्याखालचं पाहणाऱ्या यंत्रणेसाठी) तोच आत बसवला तरी कयाकमध्ये छान चालतो.

नावाचा घोळ एवढाच. तो सुटला तरी माणसं अडकतात ती पुढे, आणि गंमत म्हणजे दोन उलट्या टोकांची माणसं एकाच जागी अडकतात. एकाला वाटतं, मध्ये प्लास्टिक आलं म्हणजे सोनार आंधळा, तेव्हा भोक पाडलंच पाहिजे. दुसऱ्याला कळलेलं असतं की भोक लागत नाही. म्हणून तो ट्रान्सड्यूसर आत नुसता ठेवून देतो, फार तर वेल्क्रो लावतो, आणि खोली दिसली नाही की यंत्राला शिव्या घालतो. दोघांच्याही डोक्यात शत्रू एकच, प्लास्टिक. पण प्लास्टिक अडवत नाही. अडवते ती हवा.

ध्वनी एका पदार्थातून दुसऱ्यात किती शिरणार हे ठरतं दोन्हींची घनता आणि त्यांच्यातला ध्वनीचा वेग यांच्या गुणाकारावर. पाण्याची घनता (घनमीटरला किलोमध्ये) १०००, वेग सेकंदाला साधारण १५०० मीटर, गुणाकार १५ लाख. पॉलिथिनचा २० लाखांच्या आसपास. हे आकडे शेजारी-शेजारी आहेत, त्यामुळे पाण्यातून प्लास्टिकमध्ये शिरताना ९० टक्क्यांहून जास्त ऊर्जा पुढे जाते. आता हवा घ्या. घनता १.२, वेग ३४० मीटर, गुणाकार ४०० च्या आसपास. कुठे १५ लाख आणि कुठे ४००! अशा सीमेवर ध्वनी जवळजवळ सगळा उलटा फिरतो. पलीकडे जाते ती हजारातला एक भाग ऊर्जा, म्हणजे ०.१ टक्का. बरं, फट पातळ असली म्हणून सुटका नाही. २०० किलोहर्ट्झला केसाएवढी जाड हवासुद्धा पुरते. आणि ध्वनीला ही वाट दोनदा कापायची असते, जाताना आणि येताना.

म्हणजे वेल्क्रोवाला गडी नेमका तिथेच बुडतो. त्याने ट्रान्सड्यूसर आणि बूड यांच्यामध्ये हवेची गादी घातलेली असते. फोमचा गाभा असलेल्या बुडातूनही हे जमत नाही, कारण फोम म्हणजे हवेचेच बुडबुडे. याच कारणाने ट्रान्सड्यूसरखाली प्लास्टिकचा एकच सलग थर असावा. आत फोमचा तुकडा चिकटवलेला असेल ती जागा सोडा.

आणि हीच हवा मासा दाखवते. बहुतेक माशांच्या पोटात तरंगण्यासाठी हवेची पिशवी असते, वाताशय. स्क्रीनवर ठळक उमटतो तो मुख्यतः त्या पिशवीचा प्रतिध्वनी. माशाचं मांस ध्वनीच्या दृष्टीने पाण्यासारखंच, त्यामुळे ते फिकं दिसतं. मुशीला ही पिशवीच नसते, म्हणून अंगाने एवढी असूनही ती अपेक्षेपेक्षा पुसट दिसते. जी गोष्ट माशाच्या पोटात असली की आपण खूश होतो, तीच ट्रान्सड्यूसरखाली असली की दिवस वाया. (स्क्रीनवरची ती माशांची चित्रं आधी बंद करा, बरं का. यंत्र प्रत्येक ठिपक्याला मासा ठरवून मोकळं होतं. कच्चा प्रतिध्वनी वाचायला शिका.)

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर माझा स्वतःचा पराक्रम ऐका. पहिल्या कयाकमध्ये मी सिलिकॉन वापरलं. ट्रान्सड्यूसरच्या तोंडाभोवती सुबक गोल कडं काढलं, मधे थोडं भरलं आणि हलकेच दाबून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाण्यात गेलो. वल्हं उभं घातलं तरी तळ लागत नव्हता आणि स्क्रीन म्हणतेय ०.६ मीटर, तेही लुकलुकत. घरी येऊन ट्रान्सड्यूसर ओढला तर सिलिकॉनची चकती अख्खी सुटून हातात आली. पॉलिथिनवर ते धरतच नाही, हा धडा त्यातच मिळाला. चकती उलटी केली तर बरोबर मध्यावर अंगठ्याच्या नखाएवढा चपटा, चकचकीत बुडबुडा. कडं आधी टेकलं होतं आणि आतली हवा कोंडली गेली होती. मीच तिला कुंपण घालून दिलं होतं.

तेव्हापासून कडं नाही, ढीग. जे काही वापराल त्याचा मधोमध उंचवटा ठेवा, त्यावर ट्रान्सड्यूसर टेकवा आणि दाबताना गोल फिरवत न्या, म्हणजे हवा मधून कडेकडे सरकत बाहेर पडते. त्याआधी बूड आतून स्पिरिटने पुसा. मी सिलिकॉन आता वापरत नाही. इलेक्ट्रिशियन तारांची भोकं बुजवायला जी कधीच न सुकणारी पुट्टी वापरतात ती बरी. चुकलं तर उचकटून पुन्हा बसवता येते. मात्र ती आधी हातात नीट मळून घ्या, नाहीतर तिच्या घड्यांत हवा राहते.

त्याहून मला आवडते ती ओली पद्धत. जाड फोमची चौकट कापायची, मधे ट्रान्सड्यूसर घट्ट बसेल एवढी खाच, आणि ती चौकट बुडाला आतून चिकटवायची. इथे फोम चालतो, कारण तो भोवती आहे, खाली नाही. फक्त पाणी शोषणारा नको. दर वेळी खाचेत थोडं पाणी ओतायचं आणि ट्रान्सड्यूसर तिरका धरून आत सरकवायचा. तोंडावर बारीक बुडबुडे मोत्यांसारखे चिकटून राहतात, तेव्हा आधी साबणाच्या पाण्याचं बोट फिरवा. पाणी, प्लास्टिक, पाणी; हवेला वावच नाही. घरी जाताना ट्रान्सड्यूसर काढून नेता येतो, हा फायदा वेगळा.

चिकटवण्याआधी एक चाचणी कराच. कयाक पाण्यात तरंगू द्या, प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून ती आत बुडावर ठेवा, ट्रान्सड्यूसर पिशवीतल्या पाण्यात तोंड खाली करून धरा. पिशवी आणि बूड यांच्यातही थोडं पाणी शिंपडा, नाहीतर तिथेच हवा. दोन-तीन जागी सरकवून पाहा. जिथे तळ स्थिर आणि ठळक दिसेल तिथे मार्करने खूण. पुढचं टोक टाळा. लाटेवर ते उचललं जातं आणि खाली बुडबुडे शिरतात. सीटच्या आसपास, झाकणातून हात पोहोचेल अशी सपाट जागा बहुधा जिंकते. तोंड सरळ खाली हवं.

आतल्या बसवणुकीच्या मर्यादाही खऱ्या आहेत. फोटोसारखं चित्र दाखवणारं डाउन इमेजिंग सहसा ४५५ किंवा ८०० किलोहर्ट्झवर चालतं. ८०० ला पाण्यातली तरंगलांबी २ मिलिमीटरच्याही खाली येते, आणि प्लास्टिक अशा बारीक लहरी बऱ्याच खाऊन टाकतं. चित्र येतं कधीकधी, पण धुकट. साइड इमेजिंग, म्हणजे होडीच्या दोन्ही बाजूंचं तसंच चित्र, आतून लावायचा विचारही नको. त्यासाठीच पैसे मोजले असतील तर ट्रान्सड्यूसर पाण्यातच हवा: कडेच्या रेलवर बसणारी, फिरवून वर घेता येणारी दांडी, किंवा कयाकला खालून खाच ठेवलेली असेल तर तिच्यात. याही दोन्हींना भोक लागत नाही. दांडीत शेवाळ अडकतं, वल्हं आपटतं, आणि किनाऱ्याला लागताना ती वर घ्यायला विसरलात तर मोडते. मला साधा २०० पुरतो. त्याच्या ध्वनीचा शंकू साधारण २० अंशांचा असेल तर ९ मीटर खोलीवर तो तीनेक मीटर रुंद भाग पाहतो. कयाकवरून गळ टाकायला आणखी काय हवं?

पाण्याचं तापमानही आतून चुकतं. यंत्र बुडाचं आणि आतल्या हवेचं मिश्र काहीतरी सांगतं आणि खरा आकडा फार उशिरा येतो. ज्यांची मासेमारी तापमानावर चालते त्यांनी दांडी घ्यावी.

उरलेल्या कामाला फार वेळ लागत नाही. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी दोन किलोंच्या वर जाते. लिथियम आयर्न फॉस्फेटची त्याच क्षमतेची एक किलोच्या आसपास. परवडत असेल तर दुसरीच. धन तारेत, बॅटरीच्या जवळ, माहितीपुस्तिकेत लिहिलेला फ्यूज. वायरसाठी वरच्या बाजूला एक छोटं भोक पाडावं लागतं, त्याला केबल ग्लँड, म्हणजे वायरीभोवती घट्ट बसून पाणी अडवणारी बुचासारखी जोडणी. हो, एवढं भोक चालतं, ते पाण्याच्या रेषेच्या बरंच वर असतं.

मित्राने ब्राँझचा परत पाठवला आणि फोमची चौकट कापली. पहिल्या दिवशी आम्ही वजन बांधलेली दोरी सोडली, ४.२ मीटर. स्क्रीनवर ४.१. ‘चुकतोय का रे?’ म्हणाला. चुकत नव्हता. ट्रान्सड्यूसर मोजतो स्वतःपासून, पाण्याच्या पृष्ठभागापासून नाही, आणि दोघं बसलेल्या कयाकचं बूड तेवढं खाली असतंच. हवा असेल तर तो फरक सेटिंगमध्ये ऑफसेट म्हणून टाकता येतो. मी टाकत नाही.