जुनी ट्रेल मोटारसायकल: पूर्ववत करणे वेगळे, सुधारणे वेगळे

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या भागात जुनी गाडी गॅरेजात उभी केली की मिस्त्री पहिला प्रश्न विचारतो, "भाऊ, काय काय टाकायचं?" गोंधळाचे मूळ या 'टाकणे' क्रियापदातच आहे. झिजलेल्या पिस्टनच्या जागी नवा पिस्टन टाकतात आणि मूळ टायर काढून त्याहून रुंद टायरही टाकतात. बोलताना दोन्ही कामे एकच वाटतात, बिलावरही ती एकाखाली एक लिहिली जातात. परंतु पहिल्या कामात गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तिकडे परत नेली जाते, तर दुसऱ्यात ती जशी कधीच नव्हती तशी केली जाते. पहिल्याला या लेखात पूर्ववत करणे म्हटले आहे आणि दुसऱ्याला सुधारणा. सुधारणा नेहमीच सुधारते असे नाही, पण गॅरेजात रूढ शब्द तोच आहे.

उदाहरणासाठी मी माझ्याच गाडीचा आधार घेतो. ती आहे हिरो इम्पल्स, म्हणजे कच्च्या वाटांसाठी बनवलेली ट्रेल मोटारसायकल. हे मॉडेल २०११ साली बाजारात आले: १४९.२ सीसीचे हवेने थंड होणारे इंजिन, कार्ब्युरेटर, पाच गिअर, पुढे १९ इंची आणि मागे १७ इंची आऱ्यांची चाके, उंच मडगार्ड. या गाडीचे उत्पादन पुढे थांबले, तरी पांदण रस्त्याने वावरात जाणाऱ्यांनी ती सोडली नाही. हिरोच्याच हंक आणि सीबीझेड एक्स्ट्रीम या गाड्यांचे इंजिन याच घराण्यातले असल्यामुळे इंजिनाचे पुष्कळसे सुटे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात. प्लास्टिकचे भाग आणि सीट यांच्यासाठी मात्र वणवण करावी लागते.

दोन कामांतला फरक ओळखण्याची साधी खूण म्हणजे मोजमाप कशाशी ताडून पाहायचे हे. पूर्ववत करताना ते कंपनीच्या मापाशी ताडतात: सिलिंडरचा व्यास, टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फट, शॉकअपमधल्या तेलाची पातळी, चेनची ढिलाई. सुधारणा करताना ते आपल्या रस्त्याशी आणि ओझ्याशी ताडावे लागते. त्यामुळे पहिल्या कामाचे बरोबर-चूक व्हर्नियर (बारीक मापे घेण्याचे साधन) सांगते, तर दुसऱ्याचे पावसाळा सांगतो.

दोन्ही कामे सर्वांत जास्त कुठे मिसळतात, तर इंजिनात. दोन वर्षांपूर्वी माझ्या गाडीची ओढ कमी झाली आणि चढावर मागून निळसर धूर येऊ लागला. तेव्हा एका मिस्त्रीने सांगितले, "बोर करून घ्या भाऊ, सीसी वाढते, मंग पाहा पिकअप कसा येते." यातली 'सीसी वाढते' ही गोष्ट अक्षरशः खरी आहे आणि तरीही दिशाभूल करणारी आहे. या इंजिनाचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, साधारण ५७.३ मिलिमीटर आहे. बोर करणे म्हणजे तो व्यास कोरून वाढवणे; त्यात बसणारे वाढीव मापाचे पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर अशा पायऱ्यांनी येतात. ०.५० चा पिस्टन टाकला तर व्यास ५७.८ होतो, आणि व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात हिशोब केला तर १४९.२ सीसीचे सुमारे १५१.८ सीसी होतात. अडीच सीसीच्या या वाढीने पिकअप येत नाही. पिकअप येतो तो झिजून अंडाकृती झालेले सिलिंडर पुन्हा गोल झाल्यामुळे, रिंगा भिंतीला नीट बसल्यामुळे आणि वाया जाणारा दाब टिकल्यामुळे. म्हणजे ज्याला सुधारणा म्हणून विकले जाते ते निव्वळ पूर्ववत करणे आहे, आणि ते तसे आहे हे ठाऊक असले की अपेक्षाही योग्य राहते व कामाचा दर्जाही तपासता येतो.

दर्जा तपासायचा तो असा. सिलिंडर उघडल्यावर वरच्या कडेजवळ आतून नख फिरवावे. जिथे वरची रिंग उलट फिरते तिथे नखाला कड अडकत असेल, तर झीज बरीच झाली आहे. त्यानंतर वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचींवर, प्रत्येक उंचीवर एकमेकांना काटकोनातल्या दोन दिशांनी व्यास मोजून घ्यावा. लेथवाल्याकडे जाण्यापूर्वी नवा पिस्टन हातात असला पाहिजे, कारण बोअर पिस्टनच्या डब्यावरच्या आकड्यावरून करायचा नसून त्या विशिष्ट पिस्टनच्या मोजलेल्या मापावरून करायचा असतो. आमच्याकडे बहुतेक वेळा उलटे होते: सिलिंडर आधी बोअर होऊन येतो, पिस्टन नंतर शोधला जातो, आणि मग पाचशे किलोमीटरच्या आत गाडी 'पकडते', म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो.

त्याही आधी, हाफ इंजिन (सिलिंडर-पिस्टनचा वरचा भाग) उघडायचे की नाही हे ठरवायला एक सोपी कसोटी आहे. कॉम्प्रेशन गेजने दाब मोजावा, मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावा. दाब स्पष्टपणे वाढला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहेत. फारसा फरक पडला नाही तर दाब बहुधा व्हॉल्व्हमधून निसटतो आहे, आणि तसे असेल तर बोअर-पिस्टनचे पैसे फुकट जातील. धूरही काही सांगतो. रेस सोडून उतारावर गाडी घसरू दिली आणि पुन्हा रेस देताच निळा लोट आला, तर व्हॉल्व्हच्या सीलकडे संशय घ्यावा. रेस देत असताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगांकडे.

इंजिनातली खरी सुधारणा म्हणजे मोठा कार्ब्युरेटर, बदललेला कॅमशाफ्ट, जास्त कॉम्प्रेशनचा पिस्टन अशा गोष्टी. चंद्रपूर, अकोला, नागपूर या शहरांत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि आमचे वावर काही त्याहून थंड नसते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला अशा दिवसांत दुसऱ्या गिअरमध्ये पांदणीतून हळूहळू चालवले तर ते मूळ अवस्थेतही तापलेलेच असते. त्यात कॉम्प्रेशन वाढवणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. याच संदर्भात पूर्ववत करण्याच्या नावाखाली होणारी एक चूक सांगितली पाहिजे. इंजिनाच्या पंखांवर, म्हणजे फिन्सवर, चकाकीसाठी जाड रंगाचे थर चढवले जातात. गाडी फोटोत नवी दिसते, पण उष्णता बाहेर टाकण्याचे फिन्सचे काम त्या थराने मंदावते. फिन्समधला चिखल आणि तेलाची साय खरवडून काढणे हे दिसायला किरकोळ वाटणारे काम त्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

शॉकअपच्या बाबतीत लोक सहसा पहिली पायरी गाळून थेट दुसरीवर उडी मारतात. पुढचा शॉकअप खड्ड्यात तळाला आदळू लागला की 'स्प्रिंग कडक करून द्या' अशी मागणी होते, आणि स्प्रिंगच्या वर पाइपचा तुकडा बसवून ती भागवलीही जाते. वास्तविक दहा-बारा वर्षांच्या शॉकअपमधले तेल काळे आणि पाण्यासारखे पातळ झालेले असते; ऑइल सील गळत असेल तर पातळीही उतरलेली असते. आधी जुने तेल पूर्ण काढून, नळ्या धुऊन, नवे सील व बुश बसवून, कंपनीने सांगितलेल्या प्रतीचे तेल दोन्ही नळ्यांत सारख्या पातळीपर्यंत भरावे, कोन सेट (हँडलच्या मानेतले बेअरिंग) तपासावा, आणि मगच स्प्रिंगबद्दल मत बनवावे. माझ्या गाडीत एवढे केल्यावर पाइपचा तुकडा काढूनच टाकावा लागला, कारण त्याच्यामुळे पुढचे चाक मुरमाच्या रस्त्यावर टणाटण उडत होते.

मागच्या बाजूचे उत्तर वेगळे निघाले. इम्पल्सच्या मागच्या चाकाची वरखाली हालचाल साधारण १५० मिलिमीटर आहे. चालक बसल्यावर त्यातली सुमारे ३० टक्के, म्हणजे ४५ ते ५० मिलिमीटर खर्च व्हावी, असा ट्रेल गाड्यांचा सर्वसाधारण नियम आहे. हे मोजायला एक टेप आणि एक सोबती पुरतो: मागचे चाक अधांतरी असताना अॅक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंतचे अंतर घ्यावे, मग चालकाने बसल्यावर तेच अंतर पुन्हा घ्यावे. मी एकटा बसलो तेव्हा माप ठीक आले. मात्र युरियाची ४५ किलोची बॅग मागे बांधल्यावर गाडी जवळजवळ ८० मिलिमीटर बसली आणि धुऱ्यावरून उतरताना बुड टेकू लागले. येथे शॉकअप बिघडलेला नव्हता. तो त्याच्या मूळ मापात होता आणि माझे ओझे त्या मापाच्या बाहेरचे होते. जास्त ताकदीची स्प्रिंग ही येथे प्रामाणिक सुधारणा ठरली. तिची किंमतही मोजावी लागते: रिकाम्या गाडीवर कंबरेला धक्के जास्त बसतात.

चेन-स्प्रॉकेटचे गणित छोटे आहे. संच झिजला म्हणून तेवढ्याच दातांचा नवा बसवला तर ते पूर्ववत करणे. पुढचे स्प्रॉकेट एका दाताने लहान केले तर ती सुधारणा. उदाहरणार्थ १४ ऐवजी १३ दात केले की चाकावरची ओढ सुमारे साडेसात टक्क्यांनी वाढते आणि त्याच आरपीएमवरचा वेग जवळपास तितकाच उतरतो. ओल्या पांदणीत हा बदल सुखाचा आहे, पण रोज यवतमाळपर्यंत डांबरी रस्त्याने जाणाऱ्याला इंजिन उगाच ओरडताना ऐकू येईल.

आतापर्यंतची विभागणी नीट चालते, पण कार्ब्युरेटरपाशी ती अडखळते. एरवी नियम स्पष्ट आहे: स्लो जेट (कमी रेसवर पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) तुंबलेला असेल, फ्लोटची पातळी चुकली असेल किंवा इंजिन आणि कार्ब्युरेटर यांच्यामधल्या रबराला भेग पडली असेल तर ते आधी नीट करावे. भेगेतून जादा हवा शिरत असताना मेन जेट (जास्त रेसवरचे छिद्र) मोठा करणे म्हणजे गळक्या माठाखाली मोठे भांडे ठेवण्यासारखे आहे. अडचण पेट्रोलची आहे. ही गाडी बनली तेव्हाचे पेट्रोल आता पंपावर मिळत नाही. २०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास झाले. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटमधून जाणारे मिश्रण पूर्वीपेक्षा पातळ पडते, म्हणजे त्यात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. पातळ मिश्रणाने इंजिन अधिक तापते, सकाळी सुरू व्हायला कुरकुरते आणि रेस सोडताना सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो. म्हणजे गाडीचे वागणे मूळसारखे ठेवायचे तर जेट मूळचा ठेवून चालेलच असे नाही. सर्व सफाई आणि रबरे नवी केल्यानंतरही माझ्या गाडीचा प्लग पांढराफटक निघत होता, म्हणजे मिश्रण पातळच होते. एक पायरी मोठा मेन जेट बसवल्यावर तो विटकरी रंगाचा झाला. याला पूर्ववत करणे म्हणावे की सुधारणा, यावर वाद घालता येईल. मी ते पहिल्या खात्यात लिहितो, कारण बदलली ती गाडी नव्हे.

याच पेट्रोलमुळे आणखी एक काम पूर्ववत करण्याच्या यादीत आले आहे. इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि जुनी रबरे त्याच्या सान्निध्यात फुगतात किंवा तडकतात. पेट्रोलची नळी, फ्लोट बाउलचे गॅस्केट आणि सुईचे रबर इथेनॉल सहन करणाऱ्या प्रतीचे घ्यावेत, टाकीच्या तळाचा गंज काढावा, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवावा.

मडगार्डची गोष्ट थोडक्यात. माझ्या इम्पल्सचे पुढचे उंच मडगार्ड आधीच्या मालकाने काढून रस्त्यावरच्या गाडीचे, चाकाला चिकटून बसणारे मडगार्ड लावले होते आणि गाडी विकताना त्याचे कौतुकही केले होते. पहिल्याच मृगात काळ्या मातीच्या पांदणीवर दोनशे फूट गेलो आणि पुढचे चाक फिरायचे थांबले. कापसाची काळी माती ओली झाली की टायरला थरावर थर चढत जातो, आणि त्या थराला जागा हवी म्हणूनच ट्रेल गाडीचे मडगार्ड इतके वर असते. तुराट्या मोडून माती उकरत बसलो, तेव्हा कळले की या गाडीला हवी असलेली सुधारणा कारखान्याने आधीच करून दिली होती. रुंद टायरचेही असेच: मागचे चाक धरणाऱ्या स्विंगआर्ममधली उरलेली जागा आधी बोटांनी मोजावी. २०१९ मध्ये आलेल्या एक्सपल्स २०० चे पुढचे चाक २१ इंची आहे, ते आपल्या गाडीला लावता येईल का, असे तरुण मुले विचारतात. चाक लागेलही, पण त्याने गाडीचे नाक उंचावते, पुढच्या शॉकअपचा कल बदलतो आणि वळणावरची तिची सवय मोडते.

कायद्याच्या दृष्टीनेही या दोन कामांची वाट वेगळी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरबदलांवर निर्बंध आहेत, आणि कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून वाहन वेगळे होईल असा बदल करता येत नाही, असा या कलमाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केला. दुरुस्ती म्हणून तसाच भाग बसवण्याला त्याची आडकाठी नाही. मात्र चेसिस कापणे, दुसऱ्या जातीचे इंजिन बसवणे, कर्कश सायलेन्सर लावणे हे अंगाशी येते. गाडीचा रंग बदलला तर त्याची नोंदही नोंदणी पुस्तकात करून घ्यावी लागते. खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते; त्यानंतर तपासणी करून, हरित कर भरून पाच-पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. २०१२ मध्ये नोंदलेल्या गाड्यांची ही वेळ २०२७ मध्ये येते.

माझी गाडी २०१२ चीच आहे. मूळ मेन जेट, मागची मूळ स्प्रिंग आणि तिच्या मापांचा कागद मी घरच्या माळ्यावर एका डब्यात ठेवला आहे. आधीच्या मालकाचे ते मडगार्ड मात्र गोठ्यात आहे; वासरांना ढेप खायला घालायला ते बरे पडते.