गाठ आणि गुठळी

कोल्हापूरकडच्या बोलीत ‘गाठ’ हा शब्द दोन्हींसाठी चालतो: कर्करोगाच्या गोळ्यासाठीही आणि शिरेत साकळलेल्या रक्तासाठीही. त्यामुळे जिभेच्या किंवा गालाच्या कर्करोगासाठी केमो घेणाऱ्या रुग्णाच्या दंडातल्या शिरेत गुठळी सापडली, की कागल-गडहिंग्लजहून सोबत आलेल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, “म्हंजे गाठ आता हातात उतरली काय?” उत्तर ‘नाही’ असेच आहे, पण या दोन गाठींचा एकमेकींशी काहीच संबंध नाही, असेही म्हणता येत नाही.

डोके व मान यांच्या कर्करोगात आपल्याकडे मावा, गुटखा आणि मिश्रीने होणारा तोंडाचा कर्करोगच फार मोठ्या प्रमाणावर दिसतो. वारंवार सुया टोचून हाताच्या शिरा निकामी होतात आणि केमोची काही औषधे शिरेबाहेर झिरपली तर कातडी जाळतात. म्हणून दंडातल्या शिरेतून बगलेमार्गे थेट हृदयाच्या उंबरठ्यापर्यंत सुमारे ४० सेंटीमीटर लांबीची बारीक नळी, म्हणजे ‘पिक लाइन’, सरकवतात, किंवा छातीच्या कातडीखाली ‘केमो पोर्ट’ ही नळी जोडलेली छोटी डबी बसवतात. गुठळीचे प्रमाण पोर्टपेक्षा पिक लाइनमध्ये जास्त आढळते.

उसाच्या पाटात ओंडका अडकला की त्याच्याभोवती गाळ धरतो, तसेच काहीसे शिरेत घडते. प्रवाह मंदावणे, शिरेचे अस्तर घासले जाणे आणि रक्ताचीच साकळण्याची ओढ वाढणे, ही गुठळीची तीन कारणे जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्शो यांच्या नावाने ओळखली जातात. पहिली दोन नळीमुळे येतात. म्हणूनच नळीची जाडी शिरेच्या व्यासाच्या ४५ टक्क्यांहून अधिक नसावी, असा दंडक आहे. तिसरे कारण कर्करोग स्वतःच पुरवतो आणि सिस्प्लॅटिनसारखे केमोचे औषध त्यात भर घालते. त्यातून तोंड सोलवटल्यामुळे पाण्याचा घोटही उतरत नसेल, तर शरीर कोरडे पडते ते वेगळेच.

एखाद्या बाईची बांगडी एकाच हातात रुतू लागते, सदऱ्याची एकच बाही घट्ट होते, खांद्याजवळच्या शिरा फुगून दिसतात. घरात मात्र “सलाइन बाहेर गेलं असंल” म्हणून त्यावर शेक दिला जातो आणि चार दिवस निघून जातात. अनेकदा तर कोणतेच लक्षण नसते. डॉपलर तपासणीत (ही एक प्रकारची सोनोग्राफी) डॉक्टर शिरेवर यंत्र दाबतात; निरोगी शीर दाबाखाली चपटी होते, गुठळी असलेली होत नाही. गुठळी मानेच्या शिरेत असेल तर तिथली सूज पाहून कर्करोगच उलटला, असा समज होण्याचा धोका या रुग्णांत विशेष असतो.

गुठळी झालेले रुग्ण कमी जगतात का? गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला तर जीव जाऊ शकतो, हे खरे. परंतु हातातल्या गुठळीबाबत ते पायातल्या गुठळीपेक्षा कमी वेळा घडते. ज्यांचा आजार पसरलेला आहे, त्यांनाच नळी जास्त काळ लागते आणि त्यांचेच रक्त जास्त साकळते. तेव्हा गुठळी हे आयुष्य घटण्याचे कारण, की आजाराच्या उग्रपणाची खूण, हे नुसत्या आकड्यांवरून ठरत नाही. उलट बाजूनेही फसगत होते: गुठळी होण्यासाठी रुग्ण तेवढे दिवस जगलेला असावा लागतो, म्हणून ढोबळ तुलनेत गुठळीवाले उगाच दीर्घायुषी भासू शकतात. माझा कल ‘खूण’ या बाजूला आहे. ब्रिटनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या २,२०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत हेपॅरिनच्या गटातल्या, रक्त पातळ करणाऱ्या औषधाने गुठळ्या घटल्या, आयुष्य मात्र वाढले नाही. फ्रेंच वैद्य आर्मां त्रुसो यांनी १८६५ मध्ये कर्करोग आणि गुठळीचे नाते मांडले होते. दोन वर्षांनी स्वतःच्या शिरेतली गुठळी पाहूनच त्यांनी आपला रोग ओळखला, आणि तो पोटाचाच कर्करोग निघाला.

म्हणून नळी बसवलेल्या सर्वांनाच सरसकट रक्त पातळ करणारे औषध देत नाहीत. गुठळी झाल्यावर मात्र ते किमान तीन महिने आणि नळी आत असेपर्यंत दिले जाते. तोंडातली जखम भळभळण्याची भीती असल्याने ही तारेवरची कसरतच असते. नळी लगेच ओढून काढण्याची गरज सहसा नसते. ती नीट चालत असेल, तिला जंतुसंसर्ग नसेल आणि उपचारांसाठी लागणार असेल, तर पुढची केमो त्याच नळीतून दिली जाते.