ठेंगणी स्पोर्ट्स कार घरी उचलणे

जमिनीपासून जेमतेम ११ ते १४ सेंटीमीटरवर असलेली स्पोर्ट्स कार तेलबदल, ब्रेक, सस्पेन्शन किंवा एक्झॉस्टच्या कामासाठी घरीच जॅकने वर घेऊन स्टँडवर, म्हणजे भार पेलणाऱ्या लोखंडी घोड्यांवर, टेकवण्याची पद्धत. ती रुजली अमेरिका आणि ब्रिटनसारख्या देशांत. तिथे अनेक घरांना लागून स्वतःचे गॅरेज असते आणि मेकॅनिकची मजुरी तासावर मोजली जाते. अडचण गाडीच्या वजनाची नसते. माझदा एमएक्स-५ ची पहिली पिढी (१९८९) हजार किलोच्या आसपास आणि शेव्हरोले कॉर्व्हेट साधारण दीड हजार किलोची, म्हणजे आपल्याकडच्या हॅचबॅक-सेडानइतकीच. पण भारतीय हॅचबॅकखाली १६ ते १८ सेंटीमीटर मोकळी जागा असते. ती जागाच इथे नाही, त्यामुळे जॅक आत शिरत नाही. शिरला तरी लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो, तो लावायचा कुठे?

साध्या ट्रॉली जॅकची (चाकांवर सरकणारा, तेलाच्या दाबावर चालणारा जॅक) वाटी, म्हणजे गाडीला टेकणारा भाग, पूर्ण खाली असतानाही जमिनीपासून १३-१४ सेंटीमीटरवर असते. ठेंगण्या गाड्यांसाठी ७ ते ९ सेंटीमीटरवर बसणारे लो-प्रोफाइल जॅक मिळतात. तेवढ्याने काम भागतेच असे नाही. मधोमध उचलायची जागा बंपरच्या बरीच आत असते. तिथवर पोहोचायला जॅक लांब हवा, आणि पोहोचल्यावर त्याचा दांडा बंपरला अडू लागला तर पंप नीट मारता येत नाही. यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे दोन रुंद, जाड फळ्या. गाडी आधी त्यांच्यावर चढवायची, की तीन-चार सेंटीमीटर फुकट मिळतात. महागडा जॅक घेण्याआधी हे करून पाहावे.

जॅकऐवजी गाडी ज्यावर चढवतात त्या उताराचे, म्हणजे रॅम्पचे, गणित वेगळे आहे. बंपरची खालची कड चाकाच्या टेकीपासून ७० सेंटीमीटर पुढे आणि जमिनीपासून १२ सेंटीमीटरवर असेल, तर ढोबळमानाने १० अंशांपेक्षा उभा चढ चाकाआधी बंपरलाच लागतो. १६ सेंटीमीटर उंचीचा आणि ५० सेंटीमीटर लांब उताराचा बाजारात मिळणारा रॅम्प जवळपास १८ अंशांचा भरतो. म्हणून अशा गाड्यांसाठी लांबलचक, कमी चढाचे रॅम्प वापरतात. ते दोन तुकड्यांचे असले तर गाडी वर चढल्यावर पुढचा उतार काढून घेता येतो. तेलबदलाला रॅम्प उत्तम. चाक काढायचे असेल तर मात्र तो निरुपयोगी, कारण गाडीचा भार चाकावरच राहतो.

उचलण्याच्या जागा प्रत्येक गाडीच्या बांधणीनुसार ठरतात, आणि एका गाडीचा अनुभव दुसरीला लावण्यातच बहुतेक नुकसान होते. एमएक्स-५ च्या पहिल्या दोन पिढ्यांत पुढे मधला क्रॉसमेंबर (गाडीखालची आडवी तुळई) आणि मागे डिफरन्शियल (इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअरचा डबा) या दोन जागी ट्रॉली जॅक लावता येतो. स्टँडसाठी दाराखालच्या वेल्डिंगच्या पट्टीवर खाचांनी दाखवलेल्या जागा आहेत. या पट्टीखाली खाच असलेला रबरी ठोकळा हवा. नुसत्या लोखंडी वाटीवर टेकवली तर पट्टी दुमडते, रंग उडतो आणि तिथून गंज शिरतो. गाडीच्या पोटाखालून मागे-पुढे जाणाऱ्या दोन पोकळ नळ्या पाहून मोह होतो, पण त्यांचा पत्रा पातळ असतो आणि जॅकखाली तो चेपतो. गिअरबॉक्सला डिफरन्शियलशी जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची लांब चौकटही भक्कम दिसते. तीही उचलण्यासाठी नाही.

कॉर्व्हेटचा मामला आणखी नाजूक. पाचव्या पिढीच्या (१९९७-२००४) कॉर्व्हेटची बॉडी कंपोझिटची, म्हणजे फायबर मिसळलेल्या प्लास्टिकची, आहे, आणि केबिनच्या फरशीच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकडाचा गाभा आहे. जॅक चुकून फरशीखाली लागला तर गाडी वर जाण्याऐवजी फरशीच वर येईल. चौथ्या पिढीपासून सातव्या पिढीपर्यंत पुढे आणि मागे आडवा फायबरचा पाटा स्प्रिंगचे काम करतो. तो ऐन मधोमध, हाताशी येईल असा असतो, पण तिथे जॅक लावायचा नाही. २०२० च्या आठव्या पिढीत पाटा गेला आणि कॉइल स्प्रिंग आल्या. पाचव्या-सहाव्या पिढीत खरी जागा म्हणजे चासीच्या बाजूच्या तुळयांतल्या चार खाचा: दोन पुढच्या चाकांच्या मागे, दोन मागच्या चाकांच्या पुढे. त्यांत चकतीसारखे ठोकळे अडकवून फिरवले की ते बसतात आणि जॅकची वाटी बॉडीला न लागता थेट चासीला भिडते. चार ठोकळे म्हणजे क्षुल्लक खर्च, आणि इतका उपयोगी खर्च या कामात दुसरा नाही.

जॅक फक्त वर नेण्यासाठी असतो. त्यात भार पेलते ते कोंडलेले तेल, आणि त्या तेलाची राखण करतात एक सील आणि एक छोटा व्हॉल्व्ह. सील झिजले किंवा व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला तर गाडी कधी सावकाश, कधी धाडकन खाली येते. म्हणून जॅकवरच्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग जाता कामा नये, हात घालून पडलेला नट काढण्यापुरताही नाही. भार पेलायचा तो स्टँडने. अर्थात स्टँडही निर्दोष नसतात. २०२० मध्ये अमेरिकेत हार्बर फ्रेट या साखळी दुकानाने पिट्सबर्ग नावाने विकलेले लाखो स्टँड परत मागवले. दाते असलेला खांब आणि त्याला अडवणारी खिटी यांची पकड भाराखाली सुटू शकत होती. त्यांच्या बदल्यात दिलेल्या स्टँडपैकी काहींच्या वेल्डिंगमध्ये खोट निघाली आणि तेही परत मागवावे लागले. त्यानंतर आरपार जाणाऱ्या पिनचे किंवा दात्यांसोबत जादा पिन असलेले स्टँड अनेकांना जास्त भरवशाचे वाटू लागले. विटा आणि पोकळ सिमेंटचे ठोकळे यांचा विचारही नको. ते वाकत नाहीत, एकदम फुटतात.

दुर्लक्षित राहते ती घसरण. हँडब्रेक सहसा मागच्या चाकांवर चालतो. मागची बाजू डिफरन्शियलखालून उचलली की ती चाके हवेत जातात आणि गाडी उरते मोकळ्या पुढच्या चाकांवर. हँडब्रेक ओढलेला असतो, पण त्याचा काही उपयोग नसतो. गाडी गिअरमध्ये ठेवून फरक पडत नाही, कारण या गाड्यांत इंजिनाचा जोर मागच्याच चाकांना जातो. एकच मागचे चाक उचलले तरी गिअरवर भिस्त ठेवू नये: साध्या डिफरन्शियलमध्ये हवेतले चाक उलटे फिरून जमिनीवरच्या चाकाला मोकळे सोडू शकते. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावणे म्हणूनच अनिवार्य आहे.

ट्रॉली जॅकची वाटी सरळ वर न जाता कमानीत वर जाते, त्यामुळे उचलताना जॅकला थोडे पुढे-मागे सरकू द्यावे लागते. गुळगुळीत काँक्रीटवर तो आपोआप सरकतो. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आवारात सर्रास दिसणाऱ्या पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांत त्याची लोखंडी चाके अडकतात. मग जॅक जागचा हलत नाही आणि वाटी गाडीखालून निसटू लागते. उन्हाने तापलेल्या डांबरावर स्टँडचे पाय रुततात. दोन्ही ठिकाणी जाड प्लायवूड खाली घातले तर बरे, पण सपाट काँक्रीट मिळत असेल तर काम तिथेच करावे.

चारही चाके हवेत घ्यायची असतील तर घाई महागात पडते. पुढची बाजू एकदम पूर्ण उंचीवर स्टँडवर टेकवून मग मागची उचलली की गाडीचा कल बदलतो, पुढच्या टेकण्याच्या जागा फिरतात आणि स्टँड तिरके होऊ लागतात. म्हणून दोन्ही टोके थोडी-थोडी, आळीपाळीने वर न्यावीत आणि दर वेळी चारही स्टँडचे पाय जमिनीला सपाट टेकले आहेत का ते पाहावे. जमीन जराशी उंचसखल असली तर भार तीन स्टँडवर येतो आणि चौथा हाताने हलतो. तसा हलला तर गाडी पुन्हा उचलून नीट बसवायची. चाकांचे नट उचलण्यापूर्वी, चाके जमिनीवर असतानाच सैल करायचे, म्हणजे नंतर पान्याला जोर लावताना गाडीला हिसका बसत नाही. गाडी स्टँडवर आली की खाली जाण्याआधी तिला बाजूने जोराने ढकलून पाहायचे. जॅक काढून न टाकता वाटी हलकेच टेकलेली ठेवायची, आणि काढलेली चाके आडवी करून दाराखाली सरकवायची. काही झालेच तर निदान चाकाच्या रुंदीइतकी जागा खाली शिल्लक राहते.

वारंवार काम करणारे लोक क्विकजॅकसारखी विजेवर चालणारी उचलणी घेतात. दोन चौकटी गाडीच्या दोन बाजूंना सरकवायच्या. मिटल्यावर त्या सुमारे ७६ मिलिमीटर उंच असतात आणि वर गेल्या की अर्धा मीटरभर उंची देतात. तिथे तेलाचा दाब गेला तरी भार लोखंडी अडसरावर राहतो. तो अडसर बसला आहे याची खात्री झाल्याशिवाय मात्र त्याही गाडीखाली जायचे नसते.

गाडी उतरवताना व्हॉल्व्ह केसभर सोडायचा. ठेंगण्या गाडीत जॅकचा दांडा बंपरखाली चिमटण्याची भीती असते, म्हणून फळ्या लावल्या असतील तर त्या चाकांखाली शेवटपर्यंत राहू द्याव्यात. नट शेवटी टॉर्क रेंचने (नेमक्या ठरवलेल्या जोराने आवळणारा पाना) आवळायचे, पाचव्या-सहाव्या पिढीच्या कॉर्व्हेटला १४० न्यूटन-मीटर, जुन्या एमएक्स-५ ला ८८ ते ११८. खाली आल्यावर गाडी आधीपेक्षा उंच दिसते, कारण हवेत लोंबकळताना चाके आत ओढली गेलेली असतात आणि टायर जमिनीला चिकटून तशीच राहतात. काही मीटर पुढे-मागे चालवली की ती मूळ उंचीवर बसते. उंची किंवा अलाइनमेंट (चाकांचे कोन) त्याआधी मोजू नये.