आधी पयतं, मंग उडतं

जळगाव जिल्ह्यातलं हतनूर म्हटलं की पावसाळ्यातली बातमी आठवते: धरणाच्या 41 दरवाजांपैकी आज इतके उघडले. आम्हा पक्षीवेड्यांचं हतनूर मात्र डिसेंबर-जानेवारीतलं, धरणाच्या मागच्या अंगाचं. तापी-पूर्णेच्या फुगवट्याचं पाणी तिथे उथळ पसरतं, काठाला गाळ उघडा पडतो आणि मध्य आशिया, सायबेरियातली बदकं मुक्कामाला येतात.

यंदा चांगदेवच्या बाजूला आम्ही बाराजण, दुर्बिणी चार. नवख्यांची तक्रार ठरलेली: लांबून सगळी बदकं सारखीच! जाळं सोडवत बसलेल्या काकांनी ती अर्ध्या वाक्यात मिटवली. वारकरी पक्ष्यांच्या थव्याकडे बोट करून म्हणाले, "हे पाह्य, आधी पयतं, मंग उडतं."

वारकरी म्हणजे काळाकुट्ट, कपाळावर पांढरा टिळा. मुक्ताईच्या मुलखात हे नाव शोभतंच. खरं तर तो बदक नव्हे, पाणकोंबडीचा भाऊबंद. बोटांना पाकळ्यांसारख्या झालरी. पाय मागे रेटला की उघडतात, पुढे आणला की मिटतात.

पळण्याचं कारण पंखांत आहे. बुडी मारणाऱ्या पक्ष्याचं अंग गुटगुटीत, पाय पार मागे, मोटारबोटीच्या पंख्यासारखे. पाण्याखाली ही रचना झकास. पण वजनाच्या मानाने पंख लहान, म्हणून हवेत उचललं जायला आधी वेग लागतो. लालसरी हे बुडी मारणारं बदक पाण्यावर थपथप धावत सुटतं ते त्यासाठीच. चक्रांग, तलवार बदक, थापट्या यांचं तसं नाही. त्यांना तळ गाठायचाच नसतो; डोकं खाली, शेपूट वर केलं की भागतं. थापट्याची फावड्यासारखी चोच तर चाळणीच आहे, कडेच्या बारीक दातऱ्यांतून पाणी गाळून किडेमकोडे आणि बिया ठेवून घेते. ही मंडळी जागच्या जागी सरळ वर उसळतात.

फोटोसाठी थवा उठवणारे महाभाग असतात. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखराची चरबी आपल्या फोटोपायी का जाळायची? नऊच्या सुमारास दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी आलाच, गवतावरून डुलत, आणि सगळं पाणी हललं. चक्रांग फुलबाजीसारखे उडाले. वारकरी एकमेकांना चिकटून गोळा झाले.

दुर्बीण न मिळालेली आठवीतली पोरगी दूरवरच्या पांढऱ्या रेघेकडे बघत ओरडली, "पळतंय! लालसरी!"

दुर्बिणीतून पाहिलं. लालसरीच होती.