स्ट्रायपरला फसवायचं तर

२१ सप्टेंबर १९८२ ची रात्र. न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीच्या किनाऱ्यावर वादळी वारा सुटलेला, दगडी बांधावर लाटा फुटताहेत, आणि अल्बर्ट मॅकरेनल्ड्स नावाचा गडी तशात गळ टाकत उभा. त्याच्या तंगुसाच्या टोकाला होता साडेपाच इंच लांबीचा, काळ्या पाठीचा, चंदेरी अंगाचा प्लॅस्टिकचा मासा. त्याला जो खरा मासा लागला त्याचं वजन भरलं ७८ पौंड ८ औंस, म्हणजे साडेपस्तीस किलोच्या वर. काठी-रिळाने पकडलेल्या स्ट्राइप्ड बासचा हा विश्वविक्रम पुढे जवळजवळ २९ वर्षं टिकला.

काळोख, फेसाळलेलं गढूळ पाणी, आणि ज्याला ना वास ना चव असा प्लॅस्टिकचा तुकडा. एवढ्या वयाच्या, एवढं जग बघितलेल्या माशाने त्यावर झडप का घातली असेल? नकली आमिष कसं निवडावं या प्रश्नाचं उत्तर इथूनच शोधायला हवं. दुकानातल्या आमिषांनी भरलेल्या भिंतीकडे बघून ते सापडत नाही.

हा मासा उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्याचा. गळवाले त्याला लाडाने ‘स्ट्रायपर’ म्हणतात, मेरीलँडमध्ये तोच ‘रॉकफिश’ होतो. चंदेरी अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेल्या सात-आठ काळ्या रेघा ही त्याची खूण. वाढतो समुद्रात, पण वसंतात अंडी घालायला चेसापीकच्या आखातातल्या नद्या, डेलावेअर, हडसन अशा गोड्या पाण्यात चढतो. आपल्या जिताड्याचं बरोबर उलट: तो अंडी घालायला खाडीतून समुद्राकडे उतरतो.

खाण्याच्या बाबतीत स्ट्रायपर चोखंदळ नाही. तारलीच्या कुळातला मेनहेडन, मांदेलीच्या कुळातले बोटभर मासे, वाळूत घुसून बसणारे काडीसारखे सँड ईल, वाम, माकूळ, खेकडे, शेवंड, जे त्या आठवड्यात मुबलक असेल ते. मॅसॅच्युसेट्सच्या कटीहंक बेटावर १८६४ मध्ये धनिकांनी बास-क्लब काढला, तिथे शेवंडीच्या शेपट्या आमिष म्हणून वापरत. आज शेवंडीचा भाव माहीत असलेल्या माणसाने हे वाचून उसासाच टाकावा.

मात्र एखादं भक्ष्य थव्याने आलं की हाच मासा एकाएकी हट्टी होतो. बोटभर मासे पाणी उकळल्यासारखे उसळत असतात, स्ट्रायपर त्यांच्यावर तुटून पडलेला असतो, आणि वीतभर लांबीच्या सुंदर नकली माशाकडे ढुंकूनही बघत नाही. अशा वेळी आकार जुळवावा लागतो, खवल्यांची नक्षी नव्हे. उलट उन्हाळ्यात फूटभर लांबीचे मेनहेडन किनाऱ्याला लागले की तळहाताएवढं आमिष टाकणं फुकट. तेव्हा ओंडक्यासारखं जाडजूड लाकडी आमिष पाण्यावर नागमोडी ओढणारेच मोठे मासे काढतात.

आता डोळ्यांकडे वळू, कारण दुकानात सगळा पैसा रंगावर जातो. आपल्या दृष्टिपटलात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. स्ट्राइप्ड बासच्या दृष्टिपटलात दोनच प्रकार सापडले: एक ५४२ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक दाद देणारा, दुसरा ६०५ च्या आसपासच्या नारिंगीला. निळ्यासाठी वेगळी पेशीच नाही. म्हणजे निळ्या पाठीचं आमिष घ्यावं की जांभळ्या, यावर दोन मित्र तासभर वाद घालतात तेव्हा माशाला बहुधा त्यात फक्त ‘थोडं गडद’ आणि ‘थोडं फिकट’ एवढाच फरक कळत असावा. हा माझा तर्क आहे, पण पेशींकडे बघता फार धाडसी नाही.

पाणीही यात आपला हात घालतं. तांबडा प्रकाश पाणी स्वतःच गिळतं. किनाऱ्याजवळच्या पाण्यातली सूक्ष्म शेवाळं आणि नद्यांनी आणलेला कुजक्या पालापाचोळ्याचा अर्क निळा गिळतो. उरतो हिरवा-पिवळा, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात स्ट्रायपरची एक पेशी बसलेली. गढूळ खाडीत पोपटी-पिवळं आमिष चालतं, त्यामागे एवढं साधं गणित आहे. त्यातही रंग चमकणारा, फ्लुओरोसंट असेल तर तो आखूड लहरींचा प्रकाश शोषून हिरवा-पिवळा बाहेर टाकतो, म्हणून आजूबाजूच्या पाण्यापेक्षा उजळ दिसतो.

सूर्य बुडाला की हे सगळं शास्त्र गुंडाळून ठेवायचं. मंद प्रकाशात काम करतात त्या दंडपेशी, आणि त्यांना रंग कळत नाही. कित्येक माशांच्या डोळ्यांत संध्याकाळी दंडपेशी आणि शंकुपेशी अक्षरशः जागा बदलतात, एक पुढे सरकते, दुसरी मागे. या अदलाबदलीला बराच वेळ लागतो, आणि तेवढ्यात दिवसा जगणाऱ्या बारक्या माशांचे थवे विस्कळीत होतात. स्ट्रायपर मंद प्रकाशात सराईत. म्हणून तिन्हीसांजेला किनाऱ्यावर गर्दी असते. रात्री जुनेजाणते काळं आमिष बांधतात ते ऐकून नवख्याला हसू येतं. पण मासा खालून वर बघतो. आकाशाच्या धूसर उजेडावर सर्वांत ठळक आकृती काळ्याचीच उमटते.

चंदेरी रंगाची गोष्ट जरा वेगळी, आणि मला सर्वांत आवडणारी. मेनहेडनसारख्या माशाच्या कुशीवर ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या बारीक स्फटिकांचे थर असतात, एकावर एक रचलेले आरसेच. मासा न कलंडता, पाठ वर ठेवून पोहत असतो तेव्हा हे आरसे आजूबाजूच्या पाण्याचाच प्रकाश परतवतात, आणि मासा पाण्यात विरून जातो. चमकणं हा त्यांचा हेतूच नाही, हेतू आहे लपणं! मासा जखमी झाला, दमला, तोल जाऊन कलंडला की आरशाचा कोन बिघडतो आणि वरचा उजेड लखकन खाली फेकला जातो. शिकाऱ्याला ती चमक म्हणजे आमंत्रण. धातूचा चमचा, म्हणजे चमच्याच्या आकाराचं चकचकीत आमिष, पाण्यात डुलत, कलंडत खाली जातो तेव्हा तो निरोगी माशाची नक्कल करत नसतो, मरायला टेकलेल्याची करत असतो. तो एकसारखा वेगाने ओढणारा माणूस त्या चमच्याचं अर्धं सामर्थ्य वाया घालवतो. मध्येच थांबायला हवं, पडू द्यायला हवं.

गढूळ काळोखात मात्र चमकही जाते. तिथे उरतो स्पर्श, तोही दुरून होणारा. माशाच्या कुशीवरून जाणारी पार्श्वरेखा म्हणजे पाण्याची हालचाल टिपणाऱ्या केसाळ पेशींची ओळ. तिचा पल्ला फार नसतो, शरीराच्या लांबीच्या एक-दोन पट. पण तेवढ्या टप्प्यात सावकाश, ठोक्यासारखी हालचाल तिला छान कळते.

नकली माशाच्या तोंडाला पुढे जीभ काढल्यासारखी पट्टी असते ती याचसाठी. आमिष ओढलं की पाणी त्या पट्टीवर दाबतं, तोंड खाली जातं, आणि कडांवरून सुटणारे भोवरे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे तयार होतात. त्याबरोबर सगळं अंग वळवळतं. भोवऱ्यांचा ठेका वेगाबरोबर वाढतो आणि रुंदीबरोबर घटतो. ढोबळ हिशेब करायचा तर अडीच सेंटिमीटर रुंदीचं आमिष सेकंदाला अर्धा मीटर ओढलं की सेकंदाला सुमारे चार हेलकावे. निवांत पोहणाऱ्या छोट्या माशाची शेपटी हलते तोही साधारण असाच ठेका. पट्टी अंगाच्या रेषेत लांब असेल तर आमिष खोल जातं, काटकोनात खाली वळलेली असेल तर वरच्या थरात रेंगाळतं. रात्री हळू ओढा असं जे सांगतात त्याचंही कारण पार्श्वरेखेच्या तोकड्या पल्ल्यात आहे: सापडायला वेळ द्यावा लागतो.

एवढं वाचून वळवळ हेच सर्वस्व वाटेल, तर ब्लॉक आयलंडकडे बघा. १९८० च्या दशकात ऱ्होड आयलंड राज्यातल्या या बेटावर रात्री मोठमोठे स्ट्रायपर निघाले ते ‘नीडलफिश’वर. हा रंगवलेला सरळ दांडका, पट्टी नाही, वळवळ जवळपास नाही. पण तिथे खाद्य होतं सँड ईल, आणि ती काडी पाण्यातून जवळजवळ सरळच सरकते. जिथे खरा मासा गप्प असतो तिथे नकली मासा नाचला तर संशय येणारच.

खोल पाणी आणि जोराचा प्रवाह असला की निवड सोपी होते: शिशाच्या डोक्यावर हरणाच्या शेपटीचे केस बांधलेला बकटेल. वजन एवढंच की तो तळाला टेकत-उचलत जावा. थंड पाण्यात माशाचं अंगच मंदावतं, तेव्हा सगळंच संथ.

गळांबद्दल एक. २०२३ पासून अमेरिकेच्या अटलांटिक समुद्रकिनारी २८ ते ३१ इंच, म्हणजे ७१ ते ७९ सेंटिमीटर, एवढ्याच लांबीचा मासा ठेवता येतो. बाकी सगळे परत सोडायचे. सोडलेल्यांपैकी ९ टक्के मरतात असं मत्स्यव्यवस्थापनाच्या हिशेबात धरलं जातं. तिकाटी, म्हणजे तीन टोकांचा, गळ काढायला वेळ घेतो, कल्ले फाडतो, म्हणून पुष्कळजण ते काढून एकेरी गळ लावतात. पण तिकाटी गळाचं वजन आमिषाच्या तोलाचा भाग असतं. ते गेलं की वळवळीचा ठेका बदलतो, कधी आमिष आडवंच पडतं. गळ बदलल्यावर लांब फेकण्याआधी ते पायाजवळच्या उथळ पाण्यात हातभर ओढून बघावं. डोलत नसेल तर थोडा जड एकेरी गळ लावून पुन्हा ओढावं.