जॉन स्मिथ आणि १ जून

साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांना जन्मतारीख विचारत गेलं की आपल्याकडे एक तारीख हमखास पुन्हा पुन्हा भेटते: १ जून. घरात जन्माची नोंद नसायची. पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी अंदाजाने वर्ष धरायचे, शाळा उघडायच्या दिवसांतली तारीख टाकायचे, आणि ती माणसाला जन्मभर चिकटायची. आता अशी यादी संगणकात घालून त्याला सांगा, ‘नाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस एकच.’ तालुक्यातले १ जूनवाले सगळे बाळू पाटील क्षणात एक होतील, आणि त्या सगळ्यांनी मतदान केलं असेल तर बाळू पाटलाने पाच-सहा ठिकाणी मत टाकलं असा अहवाल निघेल.

अमेरिकेत गेली कित्येक वर्षं जवळपास हेच चाललं आहे. लाखो लोक दोनदा मतदान करतात, मेलेले मतदान करतात, नागरिक नसलेले मतदान करतात, असे दावे प्रत्येक निवडणुकीनंतर होतात. या दाव्यांचा कस लावायला लागणारं गणित फार अवघड नाही.

वर्गात २३ मुलं असली तर त्यातल्या कुणा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. पहिल्यांदा ऐकताना हे खरं वाटत नाही, कारण आपण मुलं मोजतो. मोजायच्या असतात जोड्या, आणि २३ मुलांच्या जोड्या होतात २५३. आता समजा, १९७० साली जन्मलेले आणि मतदान केलेले १५० जॉन स्मिथ देशभर आहेत. त्यांच्या जोड्या ११,१७५. त्याला ३६५ने भागा. कुणीही काही गैर केलेलं नसताना नाव, वर्ष, महिना, दिवस सगळं जुळणाऱ्या तीसेक जोड्या निव्वळ योगायोगाने मिळतात. हे एका नावाचं आणि एका वर्षाचं झालं. त्यात तिथेही गुरुजींची तारीख आहेच. काही ठिकाणच्या जुन्या नोंदींत जन्मतारीख नसेल तर रिकामी जागा भरायला १ जानेवारी १९०० अशी तारीख टाकलेली असते. मग शंभरी कधीच ओलांडलेले मतदार यादीत दिसतात आणि ‘मेलेल्यांचं मतदान’ म्हणून बातमी होते.

कॅन्सस राज्याच्या निवडणूक खात्याकडून ‘क्रॉसचेक’ नावाची यंत्रणा चालायची. राज्याराज्यांच्या मतदार याद्या एकत्र करून ती अशाच जोड्या शोधायची. २०१४च्या एप्रिलमध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्याने तिच्या आधारे आकडा जाहीर केला. २०१२च्या निवडणुकीत तिथे मत दिलेल्या ३५,७५० जणांचं नाव आणि जन्मतारीख दुसऱ्या राज्यात मत दिलेल्या कुणाशी तरी जुळत होती. सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे (तिथल्या सरकारी ओळख क्रमांकाचे) शेवटचे चार आकडेही जुळतात का, हे पाहिल्यावर उरले ७६५.

हे ७६५ तरी दुबार मतदार म्हणायचे का? लगेच नाही. मतदान केंद्रावरचा माणूस छापील यादीवरून बोट फिरवतो आणि नावासमोर खूण करतो. रांग मोठी असते, बोट एक ओळ खाली घसरतं, शेजारच्या नावाला टिक लागते. जो घरीच बसला होता किंवा दुसऱ्या राज्यात राहायला गेला होता, त्याने कागदोपत्री मतदान केलेलं असतं.

संशोधक शरद गोयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर नीट अभ्यास केला आणि २०२०मध्ये तो प्रसिद्ध झाला. योगायोगाने किती जोड्या जुळायला हव्यात, हे त्यांनी आधी काढलं. प्रत्यक्षात त्याहून जास्त किती जुळल्या, तेवढ्यांवरच संशय धरला. उत्तर आलं: २०१२मध्ये फार तर ४,००० मतदारांत एकाने दोनदा मत दिलं असावं. टिक चुकण्याचा हिशेब धरला तर त्याहूनही कमी. मला यापेक्षा त्यांचा दुसरा आकडा जास्त अस्वस्थ करतो. नाव आणि तारीख जुळली की आधीची नोंद उडवायची, हा सुचवला गेलेला उपाय वापरला, तर एक दुबार मत रोखण्यासाठी सुमारे ३०० रास्त मतांच्या वाटेत अडथळा येऊ शकतो.

परकीयांच्या मतदानाचा दावा एका सर्वेक्षणावर उभा होता. सर्वेक्षणात चुकीच्या चौकटीत खूण करणारे थोडे लोक असतातच. पण हजारो नागरिकांतले मोजके चुकले आणि खऱ्या परकीयांची संख्याच शेकड्यात असली, की ते मोजके चित्र बदलून टाकतात. सुमारे १९,००० जणांना २०१०मध्ये आणि पुन्हा २०१२मध्ये विचारलं, तर वीस जण आधी नागरिक आणि नंतर परकीय निघाले! दोन्ही वेळा ‘परकीय’ सांगणारे होते ८५. त्यातल्या एकानेही २०१०मध्ये मत दिलेलं नव्हतं.

इकडे कॅन्ससने मतदार नोंदणीसाठी नागरिकत्वाचा कागद सक्तीचा केला आणि सुमारे ३१,००० जणांची नोंदणी अडकली. २०१८मध्ये खटला चालला. १९ वर्षांत यादीत शिरलेले परकीय फार तर ३९ निघाले. सापडलं ते हिमनगाचं टोक आहे, असा सरकारचा युक्तिवाद होता. न्यायाधीश ज्युली रॉबिन्सन यांनी लिहिलं की हिमनग कुठेच नाही, आहे ती बर्फाची एक लोंबती कांडी, आणि तीही बहुतांशी गोंधळ आणि कारकुनी चुकांची बनलेली. कायदा रद्द झाला.

लबाडी होतच नाही, असं मात्र नाही. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनातल्या अमेरिकी संसदेच्या नवव्या मतदारसंघात रिपब्लिकन पक्षाचे मार्क हॅरिस ९०५ मतांनी पुढे होते. ब्लेडन काउंटीत टपाली मतपत्रिका पाठवणाऱ्यांत मतदार नोंदणीत आपला पक्ष रिपब्लिकन असं लिहिलेले जेमतेम १९ टक्के होते, तरी हॅरिस यांना त्यातली ६१ टक्के मतं मिळाली. आकडे बसत नव्हते. चौकशीत निघालं की त्यांच्यासाठी काम करणाऱ्या एका माणसाने नेमलेले लोक दारोदार फिरून मतदारांच्या मतपत्रिका गोळा करत होते, आणि हे तिथे बेकायदा आहे.

राज्य निवडणूक मंडळाच्या सुनावणीत हॅरिस यांचा मुलगा साक्षीला उभा राहिला. तो सरकारी वकील होता. २०१६च्या पक्षांतर्गत निवडणुकीत ब्लेडनमधल्या टपाली मतांत तो माणूस तेव्हा ज्या दुसऱ्या उमेदवाराचं काम करत होता त्याला २२१ मतं, वडिलांना ४ आणि तिसऱ्याला १ मिळालं होतं. एवढ्या आकड्यांवरून त्याला शंका आली होती आणि त्याने वडिलांना वेळीच सावध केलं होतं. तो हे सांगत असताना हॅरिस समोर बसून रडत होते. दुसऱ्या दिवशी, २१ फेब्रुवारी २०१९ला, त्यांनी स्वतःच फेरनिवडणूक घ्या असं म्हटलं, आणि मंडळाने एकमताने ती जाहीर केली.