खमीर जुनंच, ओव्हन नवा

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये युरोप-अमेरिकेतल्या दुकानांतून यीस्ट गायब झालं, आणि लोकांनी बरणीत पीठ-पाणी कालवून सावरडो, म्हणजे घरीच आंबवलेल्या पिठाचा आंबट पाव, सुरू केला. व्हिडिओ बघत बघत तो नांदेड-लातूरच्या ओट्यांवरही आला. मराठवाड्याला खमीर नवं नव्हतं, नवा होता तो घरातला ओव्हन.

छत्रपती संभाजीनगरचा नान-खलिया घ्या, म्हणजे मटणाचा रस्सा आणि भट्टीतला नान. मुहम्मद बिन तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा फौजेबरोबर तो इथं आला असं शहरात सांगतात. त्यात दंतकथा किती ते राहू द्या. खमीर हा शब्द मात्र मूळचा अरबी, फारसी-उर्दूच्या वाटेनं आपल्यात मुरलेला. कालच्या आंबलेल्या कणकेचा गोळा आजच्या कणकेत मिसळायचा, हे खमिराचं तंत्र. सावरडोचंही तेच.

पण नान भट्टीवरचा. घरात तवा आणि ज्वारी. ज्वारीत ग्लुटेन नाही, त्यामुळं पिठाला हवा धरून ठेवता येत नाही; भाकरी टम्म फुगते ती वाफेनं. म्हणून घरातलं आंबवणं दह्यात आणि आंबिलीत राहिलं, पावापर्यंत गेलंच नाही. गोव्यात पोर्तुगीजांनी पाव आणला तेव्हा पीठ माडीनं, म्हणजे माडाच्या ताडीनं, फुगवत. 'पाव' हा शब्दही त्यांचाच.

१८५७ मध्ये लुई पाश्चरनं दूध आंबवणारे जंतू जिवंत असतात हे मांडलं. १८६८ मध्ये अमेरिकेत फ्लाइशमन बंधूंनी वड्यांचं यीस्ट विकायला काढलं आणि हळूहळू बेकऱ्यांतून खमीर मागं पडलं. आपण चहात बुडवतो तो टोस्ट त्या यीस्टच्याच घराण्यातला. सॅन फ्रान्सिस्कोत मात्र १८४९ च्या सोन्याच्या धावपळीपासून आंबट पाव टिकून राहिला. त्याला आंबटपणा देणारा जीवाणू १९७१ मध्ये ओळखला गेला. तो दह्यातल्या जंतूंचा भाऊबंदच.

शिकाऊ माणूस फसतो तो बहुधा पहिल्याच आठवड्यात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पीठ भसाभस फुगतं, पण ते भलत्याच जीवाणूंचं काम असतं. मग दोन-तीन दिवस बरणी मेल्यासारखी पडते. तेव्हा ती फेकायची नाही. आंबटपणा वाढला की खरं यीस्ट जोर धरतं. उपाशी राहिलं तर त्याला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. पीठ घातलं की तो जातो.

आणि दुसरी फसगत उन्हाळ्याची. बहुतेक कृती २४-२५ अंशांची खोली धरून लिहिलेल्या असतात. इकडं मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. मी रात्री ताजं पीठ-पाणी खाऊ घातलेली बरणी सकाळी बघितली तर पीठ वर चढून परत खाली बसलेलं, काचेवर चिकट रेघ तेवढी उरलेली. त्याचा पाव केला तो भाकरीपेक्षा बोटभर जाड. सासूबाईंनी तो उलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "अगं, उन्हाळ्यात इरजण कमीच लावावं लागतंय की. हिवाळ्यातलं माप कशाला धरलंस?"

तेव्हापासून उन्हाळ्यात दहा ग्रॅम स्टार्टरला, म्हणजे बरणीतल्या आंबलेल्या पिठाला, पन्नास ग्रॅम पीठ, पन्नास ग्रॅम पाणी, आणि बरणी माठाजवळ ओल्या फडक्यात.